बाजारातला दगड दारात

इथले अनुभव मी नेहमी वाचते, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा शेवटी मनात म्हणते – झोप झाली नसेल बिचाऱ्याची. अंगारे, धुपारे, नवस यातलं मी काही करत नाही. देवपूजा करते, पण तीही पाच मिनिटांत. माझा भरवसा वहीवर. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत दिवसाच्या कामांची यादी लिहायची, काम झालं की टिक करायची. मिस्टर होते तेव्हा म्हणायचे, श्वास घेतल्यावर पण टिक करशील तू!

ही वही नसती तर मी हे लिहिलंच नसतं. मला भास झाला असं मीच स्वतःला पटवलं असतं.

मी जवळा बाजारला राहते. तालुका औंढा, जिल्हा हिंगोली. मिस्टर गेले त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून मी आठवडी बाजार करते. उलथनी, झारे, किसण्या, चहाच्या गाळण्या असा माझा माल. चार गावांचे चार बाजार, पण आमच्या गावचा सगळ्यात मोठा आणि तिथली माझी जागाही पक्की.

आता ‘पक्की’ म्हणजे काय, ते सांगते. बाजारात जागेचा कागद नसतो, दगड असतो. ज्याने आपला दगड जिथे ठेवला ती त्याची जागा. बाजार उठल्यावरही दगड तिथेच राहतो. तो कुणी हलवत नाही आणि दगड असलेल्या जागेवर दुसरा कुणी दुकानाचं पाल टाकत नाही. भांडणं होतात, शिव्या होतात, पण दगडाला हात लावला असं मी अकरा वर्षांत पाहिलं नाही. माझा दगड म्हणजे मोडक्या जात्याचा खालचा भाग. कडेचा एक टवका उडालेला, त्यावर मी निळ्या ऑइलपेंटने ‘सु’ काढलेला. सुमनचा सु. हातगाड्यावरून तो उतरवायला दोन हमाल लागले होते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर बाजारातल्या सिमेंटच्या ओट्यावर एक म्हातारी येऊन राहिली. एक गाठोडं, एक जर्मलचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा तांब्या. नाव कुणाला माहीत नव्हतं, म्हणून ओट्यावरली. ऊन चढलं की माझ्या जागेवर लिंबाची सावली येते, तिथे ती येऊन बसायची. बाजाराच्या दिवशी मी माल घेऊन आले की तिला उठवायचे. गोड बोलून नाही.

“ऊठ वं बाई. दगड दिसून नाही राहिला का?”

“दिसून राहिला की. दगडाला जागा हाय अन् मला न्हाई. भारी हाय बाई तुमचा बाजार!” असं म्हणून ती बोळकं उघडून हसायची आणि गाठोडं घेऊन सरकायची.

तिच्याविषयी आम्ही सगळे फार बोलायचो. बाजूला चपला शिवणारे रशीदभाई म्हणायचे, “घरवालों ने यूँच निकाला क्या? कुछ तो करी होगी.” मी तर सगळ्यांच्या पुढे. हातपाय चालतात तर शेतात निंदायला जावं, लोकांच्या तोंडाकडे काय बघत बसायचं... असं मी भर बाजारात, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललेली आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण वगळलं तर पुढचं खरं वाटणार नाही.

मागच्या वर्षी जानेवारीत घरमालक म्हणाले, “सुमनबाई, पोराचं लग्न ठरलं. ते पुण्याहून इकडंच येणार. महिन्याअखेर खोल्या लागतील.” माणूस चांगला. त्यांची चूक काहीच नव्हती. मी लगेच यादी केली – गावातली भाड्याने खोल्या देणारी चौदा घरं, गल्लीवार. रोज तीन घरं करायची. मुलगी ज्योती बारावीला. परीक्षा तोंडावर, त्यामुळे गाव सोडून जाणंही शक्य नव्हतं.

सगळीकडे तेच प्रश्न.

“कामाला कुठं असता?”

“बाजार करते.”

“म्हणजे पगार न्हाई. मालक?”

“नाहीत.”

मग दार आधीपेक्षा थोडं कमी उघडं. एका बाईने तर स्पष्टच सांगितलं, “बाजारवाल्यांचं काय बराबर नसतं, आज हाय उद्या न्हाई.” मी तोवर एकही बाजार चुकवला नव्हता. पण तिच्या आवाजातला तो सूर माझ्या ओळखीचा होता. ओट्यावरलीविषयी बोलताना माझाच तो सूर असायचा.

महिना संपायला पाच दिवस राहिले आणि यादीतली चौदाही घरं खोडून झाली. त्या दिवशी बाजार होता. दुपारी चारला माल आवरून मी ओट्यावर बसले आणि नवी यादी काढली. वर लिहिलं – ‘खोली न मिळाल्यास’. एक, माल – रशीदभाईंच्या गोदामात. दोन, ज्योती – मैत्रिणीकडे, परीक्षेपर्यंत. तीन, मी –

तिसऱ्यापुढे पेन चाललं नाही.

“काय लिवून राहिलीस?” पलीकडून म्हातारीने विचारलं. का कोण जाणे, मी तिला सगळं वाचून दाखवलं. तिसऱ्याशी थांबले.

“तिसऱ्यापुढं ओटा लिव,” ती म्हणाली. “लई जागा हाय. लिंबाकडची बाजू तुला देते, माझं काय, मी पल्याड सरकते.”

चेष्टा नव्हती ती. ती खरंच गाठोडं ओढून सरकली. मला रडू आलं. मग तिने माझ्या दगडाकडे बोट केलं.

“त्यो हितं काहून ठिवला?”

“जागा राखायला.”

“हितं तर तू आठ दिसाला येतीस. जिथं रोज ऱ्हायाचं, तिथं ठिवावा की.”

मी डोळे पुसत म्हटलं, “आजी, तसं नसतं.” आजी असं तिला मी पहिल्यांदाच म्हटलं. त्या दिवशी आम्ही दोघींनी एका कागदावर भजी खाल्ली. मी तिला नाव विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

आता नेमकं सांगते. त्या दिवसांत ग्रामपंचायतीचं ओटे वाढवण्याचं काम चालू होतं. मजूर दगड इकडेतिकडे सारतील या काळजीने मी रोज सकाळी दूध आणायला जाताना माझा दगड बघून यायचे. यादीत ओळच होती – ‘दगड पाहणे’. बाजारानंतर तिसऱ्या दिवशीची नोंद माझ्यासमोर आहे. ‘७.००, दगड जागेवर. वर कुत्रं बसलेलं, हाकललं.’ पुढे टिक. म्हातारी ओट्यावर नव्हती, गाठोडंही नव्हतं. गेली असेल विहिरीकडे, म्हणून मी पुढे झाले.

अकराच्या सुमारास शाळेमागच्या गल्लीतून येत होते. त्या गल्लीत भाड्याची खोली नाही, म्हणून ती माझ्या यादीतच नव्हती. शाळेपुढच्या रस्त्यावर खडीचा ट्रक अडकला होता, म्हणून मी तिकडून वळले. चौथ्या घराच्या दारात, पायरीच्या कडेला, माझा दगड.

तोच टवका. तोच निळा ‘सु’.

पहिल्यांदा मला रागच आला. कुणाची तरी टवाळी! मी हलवून पाहिला, तसूभर हलला नाही. तेवढ्यात दार उघडलं. सत्तरीच्या गयाबाई, मी त्यांना नुसत्या तोंडओळखीने जाणत होते. त्यांचे मालक पूर्वी बाजारात मिरच्या विकायचे.

“आलीस व्हय? किती येळ लावला!” त्या म्हणाल्या.

“मावशी, हा दगड कुणी आणला?”

“मला काय इचारतीस? तुझा हाय नं? सडा टाकाया दार उघडलं, तवा हितंच हुता. दिस बी उगवला नव्हता.”

मी म्हटलं, मी सात वाजता हा बाजारात पाहिला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उन्हात फार फिरले होते.

“त्ये राहू दे. मागच्या दोन खोल्या देयाचं कालच सांच्याला ठरवलं. एकलीनं राहवत न्हाई आता. सकाळी आठला एक मास्तर आले, शेजारणीनं धाडलं त्यास्नी. मी म्हनलं, जागा गेली, दगड पडला.”

“माझ्यासाठी तुम्ही मास्तरांना परत पाठवलं?”

“तुह्यासाठी काहून? तू कोन हे बी म्या आत्ता पाहून राहिले. दगडासाठी. आमच्या मानसानं तीस वर्सं मिरच्या इकल्या, पर दगड ठिवलेल्या जागंवर कदी पाल टाकलं न्हाई. मी आता या वयात टाकू व्हय? चल, खोल्या पाह्य. अनामत बाजार झाल्यावर दे.”

दोन खोल्या, मोरी, अभ्यासाला खिडकी. मी पायरीवर खाली बसले.

मग माझ्या स्वभावाप्रमाणे शोध घेतला. बाजारात गेले. दगडाच्या जागी गोल ओला डाग, त्यात मुंग्यांची धावपळ. म्हणजे तो हलून फार वेळ झाला नव्हता. मजूर म्हणाले, आम्ही नऊला आलो, तेव्हा इथे दगड नव्हता. रशीदभाईंना विचारलं, त्यांनी कानाला हात लावला. “अपनसे एकटे से उठता क्या वो?” त्या मास्तरांना शाळेत जाऊन भेटले. ते म्हणाले, “आठलाच गेलो होतो. त्या दगडाला अंगठा ठेचला माझा, हा बघा.” नख काळं पडलं होतं.

घरी येऊन यादी केली. एक, मी न पाहताच टिक केली – पण मग कुत्रं? दोन, गयाबाई चुकल्या – असतील, वय झालंय. तरी आठला मास्तरांचा अंगठा आहेच. तीन, दगड दुसरा – नाही, ते अक्षर माझं आहे. चार, सात ते आठच्या मध्ये कुणीतरी उचलून नेला – भर सकाळी, दोन माणसांचं ओझं, अख्ख्या गावातून, कुणाच्याही नजरेस न पडता? आणि का? पाचवा आकडा टाकून ठेवला आहे. त्यापुढे काही नाही. मोबाइलमध्ये फोटो आहे, पण दारातल्या दगडाचा. बाजारातल्याचा फोटो काढायचं कारणच नव्हतं.

ओट्यावरली पुन्हा दिसली नाही. मी औंढ्याला विचारलं, वारंगा फाट्यावरच्या हॉटेलवाल्यांना विचारलं. बोळकं, जर्मलचा तांब्या, हसरी. कुणी पाहिली नव्हती. तिने हे केलं असं मी म्हणत नाही. वाकलेल्या म्हातारीला गाठोडं जड जायचं. पण आभार मानायचे झाले तर मला दुसरं कुणाचं तोंड आठवत नाही.

ज्योती बारावी चांगली पास झाली. गयाबाईंचं आणि आमचं जेवण आता एकत्रच होतं. दगड तिथेच आहे, आम्ही कुणी हलवला नाही. बाजारातल्या माझ्या जागेवर दगड नाही, तरी अजून कुणी तिथे पाल टाकलेलं नाही. बाकीचे सहा दिवस लिंबाच्या सावलीत कुणीही बसतं. मी बाजाराला माल घेऊन जाते तेव्हा बसलेल्याला आधी चहा विचारते, मग जागा मागते. रशीदभाई हसतात, पण हल्ली एक चहा ते सांगतात.

त्या जुन्या यादीतलं पान मी फाडलं नाही. ‘तीन, मी –’ यापुढे नंतर मी ‘ओटा’ असं लिहिलं आणि टिक केली. त्या क्षणी मला जागा देणारं जगात तेवढंच एक माणूस होतं.

रोजच्या यादीत ‘दगड पाहणे’ ही ओळ आता नाही. त्या जागी ‘ओटा पाहणे’ आहे. दूध आणताना वळून बघते. गयाबाईंना विचारून ठेवलंय, पुढच्या पडवीत एक पलंग मावतो.

दीड वर्ष झालं. त्या ओळीपुढे अजून एकही टिक नाही. ओळ मात्र मी रोज लिहिते.