शेवळांच्या डोंगरातली हाक

नर्सिंग शिकायला पुण्याला निघाले, त्या दिवशी आई मला कर्जत स्टेशनला सोडायला आली ती शेवळांची, पहिल्या पावसातल्या रानभाजीची, पाटी डोक्यावर घेऊनच. मला गाडीत बसवलं, खिडकीतून शेवळांची एक जुडी नि मूठभर काकडं, ती आंबट रानफळं, मांडीवर टाकली. "काकडं घालायला इसरू नको गं, नायतर घसा खाजंल," म्हणाली आणि गाडी हलायच्या आत बाहेर पाटी मांडायला पळाली. गिऱ्हाईक सोडेल ती आई कसली!

घरचं भात होळीपर्यंत पुरायचं. पुढे करवंदं, जांभळं, शेवळं, पावसात कुर्डू नि टाकळा, थंडीत आवळे. माझी फी, युनिफॉर्म, घरातलं तेलमीठ, सगळं त्यातलं. तरी घरात कमावतं कोण म्हटलं की लोक बाबांचं नाव घ्यायचे. आईचं म्हणे रिकामपणचं काम! अजून डोकं फिरतं माझं.

डोंगरात बायका पांगून भाजी काढायच्या आणि मधेमधे "कूऽऽ" करायच्या. रानात नाव घेऊन हाक मारायची नाही, ऐकणारं कोण असेल काय सांगावं. हाक आली की जवळच्या बाईनं उलट हाक द्यायची. पुन्हा आली तर पाटी टाकून धावायचं.

मग पायथ्याला बंगले झाले. बायका तिथे कामाला लागल्या, आमची वहिनीसुद्धा. चुकलं काय त्यांचं? महिन्याला पगार, पायात काटे नाहीत. आई तेवढी एकटी जात राहिली. गेल्या वर्षी शेवळांच्या दिवसांत ती ओहोळात घसरून पडली. सापडली तेव्हा सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर मी निघताना वहिनी दाराआड रडली. "वन्सं, मी बंगल्यावर भांडी घासत व्हती. हाक ऐकली वो मी. गाणी लावलेली, मला वाटलं पावण्यांची पोरं वरडत्यात."

मी तिला जवळ घेतलं. आई किती वेळ हाका मारत असेल, हे मला अजून झोपू देत नाही.

पुण्यात आता नर्सची नोकरी आहे, फ्लॅट आहे, लिफ्ट आहे. गावचं घरही उभं आहे, भाऊ आहे. पण घर म्हटलं की मला आता वहिनीचा फोनच आठवतो. बंगल्यातून तिन्हीसांजेला करते. बोलत काही नाही, मागे गाणी वाजत असतात. वॉर्डात राउंड चालू असला तरी मी हातातलं टाकून उचलते.

"हाय गं वहिनी, मी हाय."