जास्तीची शेपटी

साचेवाल्यांचा जीव दोनच गोष्टींनी खाल्ला होता: घरातला गळका नळ आणि संग्रहालयातला गोल मासा. नळाचं खापर ते वॉशरवर फोडत. माशाचं खापर फोडायला मात्र दुसरं डोकं सापडत नव्हतं, कारण तो त्यांनी स्वतःच बनवलेला.

मेलेल्या प्राण्यावर प्लास्टर ओतून साचा घ्यायचा, साच्यातून फायबरची प्रतिकृती काढायची, घासायची, रंगवायची, हे त्यांचं काम. छत्तीस वर्षं केलं. कासवं केली, सील केले, पंख पसरलेला गरुड केला. नावाने त्यांना कुणी ओळखतच नसे. साचेवाले म्हटलं की पुरे. हातात कला भरपूर, तोंडात सबुरी अजिबात नाही.

एकतीस वर्षांपूर्वी एका सकाळी मच्छीमारांच्या ट्रकमधून तो मासा आला. आठ जणांनी मिळून उतरवला. जात्याच्या तळीसारखा गोल आणि चपटा, वर एक लांबलचक पर, खाली तसाच दुसरा. तोंड एवढंसं आणि तेही मिटत नाही. अंगाला हात लावला तर वरून बुळबुळीत, खालून पॉलिशपेपर. आणि मागे? मागे काहीच नाही. मासा अर्ध्यातच संपलेला. शेवटाला नुसती जाड, नागमोडी झालर.

"अहो, उरलेला अर्धा कुठे ठेवलात?" साचेवाल्यांनी ट्रकवाल्याला विचारलं.

"मिळाला तेवढा आणला. मी काय खाल्ला वाटेत?"

तेव्हाचे प्रमुख परगावी. उन्हाळ्याचे दिवस, मासा वास मारायला लागलेला. विचारायचं कुणाला? साचेवाल्यांनी स्वतःच निकाल दिला: बोटीच्या पंख्यात सापडून शेपटी तुटली, जखम भरून आली आणि तिचीच ही झालर झाली. मासा म्हटला की शेपटी हवीच! त्यांनी आहे त्याचा साचा घेतला, आणि प्रतिकृती तयार झाल्यावर तिची झालर कापून तिथे मातीत घडवलेली, चंद्रकोरीसारखी डौलदार शेपटी फायबरमध्ये ओतून जोडली. लोकांनी तोंडात बोटं घातली. प्रमुखांनी परत आल्यावर पाठ थोपटली. मासा दालनाच्या मधोमध टांगला गेला, पुढे तिकिटावर छापला गेला, फाटकावरच्या लोखंडी पट्टीत कापून बसवला गेला. परमेश्वराचं अर्धवट राहिलेलं काम आपण पुरं केलं, अशा थाटात साचेवाले कित्येक दिवस वावरत होते.

एकच खोड राहिली. दर उन्हाळ्यात शेपटीच्या सांध्याला तडा जायचा. दर उन्हाळ्यात साचेवाले शिडी लावून तो लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवायचे, वर रंग द्यायचे आणि खाली उतरताना म्हणायचे, "कुठला हट्टी सांधा आहे कोण जाणे!" बाकी साऱ्या माशाला एकतीस वर्षांत केसाएवढी चीर नाही. पण सांधा काय म्हणतो आहे ते ऐकायला वेळ कुणाला होता?

निवृत्तीला तीन वर्षं उरली तेव्हा माशांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई दालनात आल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या. मग साचेवाल्यांना म्हणाल्या, "काका, राग मानू नका. या माशाला शेपटी नसते."

"नसते म्हणजे? तुमच्या माशाला नसेल!"

"कुणाच्याच माशाला नसते. अंड्यातून निघतो तेव्हा तांदळाच्या कणीएवढा असतो आणि अंगभर काटे. तेव्हा शेपटीची खूण असते. वाढता वाढता ती जिरते आणि झालर येते. ती झालर म्हणजे त्याचं सुकाणू."

"मग पोहतो कशाने? आशीर्वादाने?"

बाईंनी फोन काढला आणि चित्रफीत लावली. निळ्या पाण्यात तोच गोल प्राणी. वरचा आणि खालचा पर एकदमच डावीकडे, एकदमच उजवीकडे, जणू आडवं पडून कुणी पंख मारतंय. मागची झालर वळते तसा मासा वळतो. जखमबिखम काही नाही. अख्खा, पुरा, असायचा तसाच. मग तो वर आला आणि पाण्यावर चक्क कुशीवर आडवा झाला.

"मेला," साचेवाले म्हणाले.

"नाही हो, ऊन खातोय. खोल, गार पाण्यात उतरून जेलीफिश वगैरे खातो, अंग गारठतं, मग वर येऊन असा पडून राहतो. पक्षी येतात, कातडीवरचे किडे टिपतात. लोकांना वाटतं मेला, म्हणून ओढून न्यायला धावतात. त्याच्याकडे बघून सगळ्यांना वाटतं, काहीतरी बिघडलंय आणि आपण नीट करायला हवं."

साचेवाल्यांनी फोन हातात घेतला आणि चित्रफीत पहिल्यापासून पुन्हा लावायला सांगितली. कुणाचं दोनदा ऐकून घेतलं ते पहिल्यांदाच, असं दरवान अजून सांगतो.

त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास. निवृत्त व्हायच्या आत आपल्या हाताने ती शेपटी उतरवायची. आपण गेल्यावर मागे खोटं टांगलेलं राहता कामा नये. सोपं काम! करवत आहे, शिडी आहे, हात आहेत. पण संग्रहालयात खिळा काढायला सुद्धा परवानगी लागते. त्यांनी अर्ज केला. समितीकडे गेला. दुसरा केला. पहिल्याला जोडला गेला. असे अकरा अर्ज झाले. पालथ्या घड्यावर पाणी.

नव्या प्रमुखबाई गोड बोलायच्या. तोच जास्त वैताग.

"काका, शेपटी तिकिटावर आहे. फाटकावर आहे. लोकांना तिची सवय झालीय."

"बाई, सवय झाली म्हणून खोट्याचं खरं होतं का?"

"तसं नाही हो. पण समिती म्हणते, इतकी सुंदर शेपटी काढायची कशाला?"

"सुंदर आहे हेच तर दुखणं आहे! वाईट केली असती तर कधीच काढली असतीत."

घरी यावं तर बायको तयारच. "एकतीस वर्षं होती, कुणाचं काय बिघडलं?"

"माझं बिघडलं."

"नळही बिघडलाय. त्याचा अर्ज कुणाकडे द्यायचा?"

"तुला कळत नाही ग. मी मरेन आणि लोक म्हणतील, काय छान शेपटी केली होती!"

"म्हणू देत की! तुम्हाला कुणी छान म्हटलेलं मला तरी चालेल. एरवी कोण म्हणतंय?"

कहर झाला तो शेवटच्या वर्षी. एक शिक्षिका चाळीस मुलं घेऊन माशाखाली उभ्या. "बघा मुलांनो, केवढी मजबूत शेपटी! हिच्याच जोरावर हा एवढा अजस्र मासा समुद्र पार करतो. वह्यांत काढून घ्या."

"नाही पार करत!" शिडीच्या आडून आवाज आला. "काढू नका! पुसा, पुसा सगळे!"

शिक्षिका घाबरल्या. मुलं खिदळली. दरवानाने साचेवाल्यांचा दंड धरून त्यांना बाजूला घेतलं. "काका, चला चहा घ्या."

"चहा काय घ्या! चाळीस वह्या, अरे! चाळीस!"

त्या वर्षी उन्हाळ्यात सांध्याला नेहमीसारखा तडा गेला. साचेवाले लांबीचा डबा घेऊन शिडीवर चढले. सुरी लांबीत बुडवली, सांध्याजवळ नेली आणि तशीच थांबवली. एकतीस वर्षं हा सांधा दर साली ओरडून सांगत होता की हे माझं नाही, आणि दर साली आपणच त्याचं तोंड बंद करत आलो. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. खाली उतरले. बारावा अर्ज केला नाही. काहीच केलं नाही.

तडा बोटभर झाला. निवृत्तीला नऊ दिवस उरले असताना शेपटी एका बाजूला लोंबायला लागली. समिती धावत आली. साचेवाले कोपऱ्यात हात बांधून उभे.

"पडली तर?" एक सदस्य.

"पडेलच," साचेवाले.

"कुणाच्या डोक्यात?"

"ज्याचं नशीब खोटं त्याच्या."

प्रमुखबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. त्या गोड होत्या, पण भोळ्या नव्हत्या. "काका, दर वर्षी तुम्ही हा बुजवायचात ना?"

"दर वर्षी. आता नाही बुजवणार. हवं तर तसं लिहा, मी सही करतो."

बाई हसल्या की वैतागल्या, ते कळलं नाही. त्यांनी कागदावर लिहिलं: धोकादायक भाग तातडीने काढावा. नवा बसवावा, असं काही लिहिलं नाही.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. साचेवाले सकाळी आठला करवत घेऊन हजर. दरवानाने शिडी धरली. शेपटी अर्ध्या तासात खाली आली. इतकी वर्षं रडवलं आणि निघायला अर्धा तास! मग ते गोदामात गेले आणि गोणपाटात गुंडाळलेला एक जुना साचा उचलून आणला. माशाच्या मागच्या कडेचा, झालरीचा. निरुपयोगी म्हणून दर आवराआवरीत बाहेर निघायचा आणि दर वेळी साचेवाले शिव्या देत परत आत ठेवायचे. टाकवत नव्हता. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या माशाची देवाच्या हातची खरी कड तेवढीच एक जगात शिल्लक होती आणि ती यांच्याच गोदामात धूळ खात पडली होती. त्याच साच्यातून त्यांनी झालर पुन्हा काढली, सुकू दिली, पॉलिशपेपरने घासली, आठवडाभर खपून बसवली आणि राखाडी रंगाचे सात हात दिले. या वेळी सांधा कुठे आहे ते त्यांचं त्यांनाही बोटाने चाचपून कळेना.

शेवटच्या दिवशी दालन उघडलं. साचेवाले नवा शर्ट घालून माशाखाली उभे राहिले. दुपारपर्यंत अभिप्रायाच्या वहीत सहा नोंदी झाल्या. पाच जणांनी लिहिलं, माशाची शेपटी तुटली आहे, दुरुस्त करावी. सहाव्याने लिहिलं, पंखा बंद आहे.

"झालं समाधान?" घरी बायकोने विचारलं.

"लोक गाढव आहेत."

"ते निवृत्तीच्या आधीही होते."

पुढच्या रविवारी साचेवाल्यांना घरी राहवेना. संग्रहालयात जाऊन रांगेत उभे राहिले आणि तिकीट घेतलं. तिकिटावर मासा होता, उजव्या टोकाला डौलदार शेपटीसकट. त्यांच्या कपाळाची शीर ताडकन उठली. दारातच त्यांनी तिकिटाचं ते टोक धरून शेपटी टरकन फाडली.

"ओ काका!" दरवान ओरडला. "तिकीट फाडायचं काम माझं आहे. तुम्ही निवृत्त झालात, आता दुसऱ्याच्या पोटावर पाय नका देऊ."

"मग नीट फाड ना! एकेकाचं मधूनच फाडतोस, डोळ्यावरून!"

"कुठून फाडू मग?"

साचेवाल्यांनी बोट ठेवून दाखवलं. दरवानाने नाक मुरडलं, मागच्या बाईचं तिकीट हातात घेतलं, डोळे बारीक करून रेघ धरली आणि शेपटी तेवढी अलगद काढून घेतली. मग त्यामागच्याचं. मग त्याच्यामागच्याचं. संध्याकाळपर्यंत त्याच्या खुर्चीखाली शेपट्यांचा ढीग पडला आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात देवाने केला तसा मासा होता.

साचेवाले दालनात माशाखाली बसून होते. कुणी "अगं बाई, तुटलाय," म्हटलं की उठायचे. "तुटलेला नाही. या इकडे, सांगतो." घसा बसला तरी सांगत होते.

नळ अजून गळतोय.