स्टँडवरच्या आवाजाची कबुली

आमची आत्या बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करते. तिचा चेहरा फारसा कुणाला ठाऊक नाही, पण आवाज शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे," एवढं ती म्हणाली की बाकावर घोरणारी माणसं झोपेतच आपापल्या पिशव्या चाचपतात. मी तिची नक्कल हुबेहूब करते. फक्त शेवटच्या 'धन्यवाद'मधला गारठा अजून जमत नाही.

घरीही ती तशीच बोलते. भाजी करपली की, "तांत्रिक कारणास्तव जेवणास विलंब होत आहे." नवरा सोडून गेला तेव्हा आमच्या दारात पेटी घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सदर गृहस्थांची सेवा पुढील सूचनेपर्यंत बंद." आम्ही पोट धरधरून हसलो. तिच्या थर्मासात चहा नसतो, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

मग एका भर दुपारी तिनं फलाट चारवर एक गाडी लावली. ती गाडी दोन वर्षांपूर्वीच बंद झालेली. चाळीस माणसं तासभर रांगेत उभी. चौकशीच्या खिडकीतला माणूस घसा फोडून सांगतोय, "अहो, अशी गाडीच नाही!" तर लोक त्याच्यावरच धावून गेले. "बाई काय खोटं बोलतात? तुम्हीच पिऊन बसलाय!"

तो बिचारा निर्व्यसनी. स्टँडचे साहेब आत्याच्या खोलीत गेले, थर्मासाचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. एक महिन्याची रजा दिली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'घसा'.

घरी खलबतं झाली. बाबांनी फर्मान काढलं, "दारू सोडणाऱ्यांची बैठक असते, तिथं जा. पण तोंड उघडू नकोस. कुणी आवाज ओळखला की स्टँडभर बोंब होईल. मग नोकरी गेलीच म्हणून समज."

"आणि नाही उघडलं तर ही जाईल," आई कणीक तिंबत म्हणाली.

आत्यानं ऐकलं दोघांचंही, पण केलं बाबांचं. बैठकीला गेली आणि तोंड शिवून बसली. जागाही शोभेशीच होती, शिवणक्लासची खोली. मशिनी भिंतीला सरकवलेल्या, मधे खुर्च्यांचं कडं, कोपऱ्यात मुंडकं नसलेले दोन पुतळे. आत्याची पाळी आली की ती गळ्याकडे बोट करायची आणि चिठ्ठी पुढे सरकवायची: 'घसा बसला आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

झालं! ज्यांना वीस वीस वर्षं स्वतःचा हात आवरला नव्हता, त्यांनी तिच्या घशाचा ताबा घेतला. निवृत्त गणित मास्तर नाकातून म्हणाले, "मिठाच्या गुळण्या. दिवसातून तीनदा. गुणिले सात दिवस." कुणी मध सांगितला, कुणी फडकं गुंडाळायला सांगितलं. बैठक चालवणारा न्हावी तेवढा मऊ आवाजात म्हणाला, "राहू द्या हो. ताई, घाई नाही. पण गिळून गिळून घसा बरा होत नाही."

तिसऱ्या बैठकीहून येताना आत्यानं क्वार्टर आणली. आईला ती उशीच्या अभ्र्यात सापडली. आई ओरडली नाही, याचीच सगळ्यांना भीती वाटली.

चौथ्या बैठकीला घरच्यांनाही बसू देतात, म्हणून आम्ही सगळे गेलो. पाळी आल्यावर आत्या उभी राहिली. चिठ्ठी काढली नाही. खोल श्वास घेतला, आणि जन्माची सवय, तोंडातून तेच बाहेर पडलं. "कृपया इकडे लक्ष द्यावे. गेल्या काही वर्षांत मद्यसेवनात अंशतः वाढ झाल्याचे निदर्शनास आले असून..."

बाबांनी कपाळाला हात लावला.

"अरे तिच्या! फलाटवाल्या बाई!" एक जाडजूड गृहस्थ ओरडले.

आत्या मटकन खाली बसली. चेहरा पांढराफटक. संपलं सगळं, असं मलाही वाटलं.

ते गृहस्थ उभे राहिले. "बाई, मी ड्रायव्हर. होतो, म्हणजे. नऊ वर्षं तुमच्या आवाजावर गाडी काढली. त्यातली चार पिऊन. एक दिवस दुभाजकावर चढवली. रिकामी होती, माझं नशीब. आता डेपोत गाड्या धुतो. सात महिने झाले, थेंब नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कधीपासून?"

"पाच वर्षं," आत्या पुटपुटली.

"म्हणजे तुम्ही पिऊन सांगत होता आणि मी पिऊन चालवत होतो?"

"हो."

"अरे देवा! मग प्रवाशांचं काय?"

मास्तरांनी हात वर केला. "प्रवासी मी होतो. मला दोन्हींपैकी काहीच कळलं नाही."

जो काय हशा पिकला! न्हावी डोळे पुसत होता, बाबासुद्धा हसले. आणि आत्या हसता हसता कधी रडायला लागली ते समजलंच नाही. "माझं तिच्यापुढे काही चालत नाही हो," ती म्हणाली. "रोज ठरवते. रोज हरते." फाटका, बारीक आवाज होता. त्याची नक्कल मी केलेली नाही.

"आमचंही नाही चालत," न्हावी म्हणाला. "म्हणून तर इतक्या खुर्च्या."

रजा संपली. साहेबांनी कागद पुढे केला. "'पुन्हा असे होणार नाही' असं लिहा आणि बसा माइकवर."

"ते नाही लिहिता येणार, साहेब. अकरा दिवस झाले, प्यायले नाही. आजही प्यायले नाही. एवढंच लिहिते."

"आणि उद्या?"

"उद्या विचारा."

साहेब खवळले. अख्ख्या नोकरीत त्यांच्याकडे एकही कागद 'होणार नाही'शिवाय आला नव्हता. माइक काढून घेतला आणि आत्याला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत टाकलं. तिथं छत्र्या, चष्मे आणि एकेकटे बूट. घोषणा आता चौकशीवाला करतो. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, त्यामुळे गाड्या निम्म्या रिकाम्या जातात.

जेवणाच्या सुट्टीत ड्रायव्हरकाका ओल्या विजारीनिशी खोलीच्या दारात येतात.

"आज?"

"नाही. तुम्ही?"

"नाही."

मग दोघं डबे उघडतात.