आकाशातून दिसलेला बगीचा

मी कालव्यावर चौकीदार होतो. कालव्यातला गाळ आम्ही दर हंगामाआधी काढायचो. किश्शांचा गाळ मात्र कोणी काढला नाही, तो साचतच गेला. ऑफिसात उपग्रहाचे नकाशे येऊ लागले, त्या वर्षांतला तर फारच!

*

त्या नकाशात हिरवं पीक लाल दिसायचं. केळझरकडचे एक काका पाहून घाबरलेच. "माह्या वावराले आग लागली का?"

"लाल म्हणजे पीक जोरात, काका," आमचे तरुण साहेब हसून म्हणाले.

"मंग माह्या चुलतभावाचं काऊन जास्त लाल हाये?"

*

साहेबांचा नकाशावर फार जीव. म्हणायचे, "उपग्रहाला ना जात, ना पक्ष, ना सासुरवाडी. तो खोटं बोलत नाही!"

आमच्या चपराशानं विचारलं, "अन् ढग आले तं?"

"मग काही दिसत नाही."

"म्हणजे पावसात ड्युटी नाई. आपल्यासारखाच हाये!"

*

एकदा कालव्याच्या टोकाला लाल पट्टा दिसला. पाणी पोचलं म्हणून साहेब खुश. जाऊन पाहिलं, तर नुसतं बेशरमाच्या झुडपांचं रान! चपराशी म्हणाला, "साहेब, बेशरमाच्या नावानं पाणीपट्टी काढू का?" साहेबही खूप हसले. चांगला माणूस होता.

*

त्याच टोकाला गुलाबरावांचा संत्र्याचा बगीचा. वरचे लोक पाणी घेऊन टाकत, खाली नाली कोरडी. त्या उन्हाळ्यात विहीरही आटली. गुलाबराव सायकलनं यायचे. "साहेब, झाडं सुकून राह्यली. पाण्याची एक पाळी द्या."

"नकाशा येऊ द्या. त्यात सुकलेलं दिसलं की कालव्याची वरची दारं बंद करून तुम्हालाच देतो. मग कोणी भांडणार नाही."

साहेबांचं बोलणं खरं होतं. पण नकाशा काही येईना. जाताना गुलाबराव मला म्हणाले, "भाऊ, त्या वरच्या फोटोवाल्याले सांगजो, जरा घाई कर म्हणा."

*

शेवटी नकाशा आला. बगीचा लालभडक!

"पाहा गुलाबराव, झाडं ठणठणीत आहेत!"

गुलाबरावांनी त्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. म्हणाले, "एकदा चला, साहेब."

जीपमध्ये साहेबांनी नकाशाखालची तारीख वाचली. फोटो हिवाळ्यातला होता. मग त्यांनी नकाशाची गुंडाळी केली.

बगीच्याच्या जागी खुंट होते. घराच्या भिंतीला तोडलेल्या फांद्या रचून ठेवल्या होत्या. साहेब नकाशाची गुंडाळी धरून नुसते उभे. माझ्यानं त्यांच्याकडे पाहवेना.

गुलाबरावांच्या बायकोनं खाट टाकली. चहा ठेवते म्हणाली.

"नको ताई," साहेब कसेबसे म्हणाले. "उशीर होईल."

"उशीर कायचा, साहेब? लाकडं चांगली वाळली हायेत. आत्ता होते."