खिडकीखालचा कट्टा

१२ मार्च २०१९ रोजी वाचनालयाच्या नव्या इमारतीचं काम एकोणचाळीस लाख साठ हजार चारशे रुपयांना दिलं गेलं. ते ओळंबामामांना मिळालं नाही.

मामा आमच्या वाचनालयाचे गवंडी. गळकं छप्पर, फुगलेली दारं, खचलेली पायरी, बावीस वर्षं सगळं त्यांनीच निस्तरलं. खिशात कायम ओळंबा. माझ्याकडे जेवायला आले तेव्हाही आधी दोरी सोडून भिंत तपासली. म्हणाले, "हिशेबनीस, भिंत जराशी झुकते हो. तुम्ही कसे राहता हिच्यात?"

आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या नकाशावर विटा रचल्या. गुडघे जायच्या आत एक इमारत पायापासून आपल्या मनासारखी उभी करायची, एवढीच हौस होती. या वेळी नकाशा आणि बांधकाम एकाच ठेकेदाराला द्यायचं ठरलं, तेव्हा मामांनी पदरचे पैसे घालून नकाशा काढून घेतला. त्यात प्रत्येक खिडकीखाली अठरा इंच उंचीचा कट्टा होता.

"म्हातारी माणसं पेपर घेऊन उजेडाकडे खुर्च्या ओढत नेतात," ते म्हणाले. "त्या खुर्च्यांचे पाय किती वेळा ठोकायचे मी?"

नकाशा आणि दर सीलबंद पाकिटात द्यायचे होते. पण मला प्रत्येक कागदाची एक प्रत फाइलला लागते. मी सगळ्याच ठेकेदारांकडे नकाशाची जादा प्रत मागितली. बाकीचे हसले. मामांनी आणून दिली.

"तुम्ही मागताय म्हणून देतो हं."

पाकिटं उघडायच्या आठ दिवस आधी वाचनालयाच्या अध्यक्षांनी ती प्रत घरी नेली. "बघून परत करतो रे. माझ्यावरही विश्वास नाही का?" आम्ही शाळेपासूनचे मित्र. मी पोचही घेतली नाही.

पाकिटं उघडली. सर्वांत कमी दर एका बड्या ठेकेदाराचा होता. त्याच्या नकाशात प्रत्येक खिडकीखाली कट्टा, उंची अठरा इंच. मामांच्या नकाशात जिन्याच्या सोळा पायऱ्या काढून शेजारी चुकून सतरा लिहिलं होतं. इथेही पायऱ्या सोळा आणि आकडा सतरा.

मामांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी अध्यक्षांकडे पाहिलं.

"चांगली कल्पना दोघांनाही सुचते," अध्यक्ष म्हणाले. "दर बघा, दर."

मी उठून बोलायला हवं होतं. मी ठरावावर सही केली.

मामा दारात चपला घालत होते. मी म्हणालो, "मामा, प्रत अध्यक्षांनी नेली होती."

"मी अध्यक्षांना दिली नव्हती," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

इमारत उभी राहिली. माणसं कट्ट्यांवर बसून पेपर वाचतात. मामा तिथे कधी आले नाहीत.

त्या जादा प्रतीचे एकशे चाळीस रुपये मामांनी भरले होते. मी देतो म्हणालो होतो. ते अजून द्यायचे आहेत.