चाकाखालची लिंबं

चिरडलेल्या लिंबाचा वास आला की अंबरपेठेतली ती सकाळ आठवते. माझी जुनी स्पोर्ट्स कार मी शेजारणीच्या मुलाला विकली होती. "टायर कंपनीचेच ना, काका?" त्यानं विचारलं. "हौ, ओरिजिनल! खाचा बघ, नव्यासारख्या." खोटं नव्हतं ते. पण टायरच्या आतल्या बाजूला छापलेली बनावटीची तारीख दहा वर्षांपूर्वीची होती, रबर वाळून कडक झालं होतं, आणि हे मला माहीत होतं. नजर लागू नये म्हणून त्याच्या आईनं चारी चाकांखाली लिंबं ठेवली, गाडी त्यांच्यावरून निघाली. आठवड्यात टायर फुटला. पोरगा अजून लंगडतो. ती मात्र भेटली की म्हणते, "लिंबांनीच वाचवलं हो, भावजी." मी मान हलवतो. आता मान हलवण्याचाही थकवा येतो.