शिंपीचाचा आणि माझी कंबर

उपास कसा करावा हे साऱ्या जगात एकाच माणसाला कळलं होतं, आणि तो माणूस निपाणीत आमच्या भिंतीला भिंत लावून कपडे शिवत बसायचा. आळीत सगळे त्यांना शिंपीचाचा म्हणत. रमजान लागला, की ईदचे कपडे शिवायला टाकणाऱ्या गिऱ्हाइकाचं माप ते नंतर घेत, आधी विचारत, "पहाटे सहेरीला काय खाल्लंस?" तिखट रस्सा म्हटलं, की टेप खाली. "दुपारी तहानंनं जीव जाईल की रं! भाकरी खा, दही खा, पानी घोट घोट पी." रोजा सोडताना तीन खजूर, पाणी, मग नमाज आणि त्यानंतर पातळ डाळ-भाकरी, हा त्यांचा कायदा. आमच्या तंबाखूच्या गावात कितीतरी लोक बांग झाली की आधी विडी शिलगावत. चाचा ती ओठातून काढून घेत आणि हातात पाण्याचा पेला देत. भजी तळणाऱ्याशी तर त्यांचं महिनाभर बोलणं बंद असे. त्याच्या कढईचा वास आला, की मशीन थांबवून ते डोळे मिटून घेत, हे मात्र मी पाहिलेलं आहे.

मी शाळामास्तर. एकादशी अगदी कडक पाळायचो, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, तुपात परतलेली रताळी आणि वर केळ्याची शिकरण, याखेरीज तोंडात काही घालत नसे. एकदा कोटासाठी चाचांनी दशमीला माझ्या कमरेचं माप घेतलं आणि काय मनात आलं कोण जाणे, द्वादशीला पुन्हा घेतलं. मग दाराआडच्या भिंतीवर खडूनं दोन रेघा ओढल्या. दुसरी बोटभर लांब होती. "मास्तर, ह्यो उपास न्हाय, ह्ये लगीन हाय!" तेव्हापासून दर एकादशीला माप ठरलेलं. मी पोट आत ओढून उभा राहायचो. चाचा हवापाण्याच्या गप्पा काढायचे आणि मी श्वास सोडला, की टेप आवळायचे.

एकदा ईर्ष्येनं मीही त्यांच्याबरोबर रोजा धरला. सकाळीच मुलांना 'खजूर' या विषयावर निबंध घातला, यावरून माझी अवस्था ओळखावी. तीन वाजता शाळेमागे जाऊन भजी खाल्ली. संध्याकाळी चाचांनी खजुराची थाळी पुढे केली आणि हळूच म्हणाले, "आदी मिशी पुसा, मास्तर."

पुढे चाचांना मधुमेह झाला. डॉक्टरांनी रोजे बंद केले आणि दुपारी जेवून औषध घ्यायला सांगितलं. "आजाऱ्याला अल्लानं सूट दिलीया," असं आजवर तेच लोकांना बजावत आलेले. त्यांनी रोजा धरला नाही. पण सारं घर उपाशी असताना त्यांना घास गिळेना. ताट तसंच परत जाई. रमजानच्या नवव्या दिवशी ते मशीनवरच कलंडले. चाची आमच्या दारात आल्या. "मास्तर, प्वाटात दोन घास गेलं न्हाईत तर ह्यो मानूस हातचा जाईल. तुमी तरी बगा."

मुलांसाठी केलेल्या भाकऱ्यांतल्या दोन फडक्यात बांधून, दह्याची वाटी घेऊन मी दुकानाच्या पडद्याआड चाचांसमोर बसलो. त्यांनी भाकरीकडे पाहिलं.

"मास्तर, आज एकादशी न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो आणि पहिला घास तोंडात घातला.

जन्मभर मी उपासाच्या दिवशी खात आलो होतो, पण उपास मोडला तो त्या दुपारी.  चाचांनी माझ्याच भाकरीचा तुकडा मोडला. "हळू चावा," एवढंच म्हणाले. उरलेला महिना मी रोज मधल्या सुट्टीत त्यांच्याकडे जेवलो. त्यानंतर चाचांनी आणखी दोन ईदांचे कपडे शिवले, तिसरी ईद त्यांनी पाहिली नाही.

आता एकादशीला मी फक्त संध्याकाळी तीन खजूर खातो आणि वर पाणी पितो. त्यांनी शिवलेला कोट चार बोटं ढिला झाला आहे. आता पोट आत ओढावं लागत नाही, आणि हे मला फार फार चाचांना दाखवायचं होतं.